समुद्राकडे पाठ

लोक मला मुंबई-गोवा बोटीने गेलेली बाई म्हणून ओळखतात. खोटं नाही ते. पुरावाही आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोंचा एक जाडजूड अल्बम आहे, आणि गंज चढलेल्या पत्र्याच्या डब्यात सिनेकॅमेऱ्यावर घेतलेली फिल्म आहे. पण तो अल्बम कुणी नीट पाहिला तर एक गोष्ट लगेच ध्यानात येईल. एकाही फोटोत मी समुद्राकडे बघत नाही. समुद्र माझ्या पाठीमागे आहे. धरण पाठीमागे, धबधबा पाठीमागे, चांदबिबीचा महाल पाठीमागे. बघण्यासारखं जे जे होतं त्याला पाठ लावून मी एका काळ्या डबीकडे बघत हसते आहे.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. त्याआधी तीन वर्षं मी पारनेर तालुक्यात, आमच्या शेजारच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. वडील मी तिसरीत असताना गेले. आईनं चार एकर कोरडवाहू जमीन एकटीनं कसली आणि मला सातवी करून नगरला ट्रेनिंगला पाठवलं. गावात लोक विचारायचे, पोरीला काय कलेक्टर करतीस का? आई म्हणायची, "कलेक्टर न्हाई, बाई करायचीया. शाळंतली बाई." मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी ती शाळेच्या कुंपणाबाहेर उभी राहून पोरांचं "एक साथ नमस्ते बाई" ऐकून गेली. आत आली नाही. शेतात काम पडलं होतं.

म्हणून बघायला पाहुणे आले तेव्हा आईनं एकच प्रश्न विचारला. देण्याघेण्याचं मामांवर सोडलं आणि दाराआडून म्हणाली, "पोरीच्या नोकरीचं काय?" मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट होता. मामांच्या मते तर सोन्याहून पिवळं स्थळ. तो उठून उभा राहिला आणि दाराकडे बघून म्हणाला, "आई, नोकरी सोडायची नाही. वर्षभर बिनपगारी रजा घेऊ द्या. पुढच्या जूनला आमच्या तालुक्यात बदली करून घेऊ. हा माझा शब्द." माणूस शब्दाचा पक्का होता. ते मी आजही नाकारत नाही.

प्रवरेच्या पट्ट्यातली ती कारखान्याची कॉलनी. एकसारखी क्वार्टरं, दारात कर्दळ, आणि मळीचा वास. तो वास महिन्याभरानं येईनासा होतो म्हणाले, मला शेवटपर्यंत येत राहिला. थोरले दीर मालवाहू जहाजावर नोकरीला होते. त्यांनी आमच्या लग्नाची भेट म्हणून परदेशातून सिनेकॅमेरा आणला, सोबत फिल्म दाखवायचं मशीन. साधा फोटोचा कॅमेरा ह्यांच्याकडे आधीचाच होता. कॉलनीतच काय, पंचक्रोशीत असली वस्तू कुणाकडे नव्हती. हौसेला मोल नाही म्हणतात. पण हौसेला माणूस लागतं, आणि ते माणूस मी होते.

सुट्टी आली की स्कूटर निघायची. मुळा धरण, भंडारदरा, रंधा धबधबा, नगरच्या डोंगरावरचा चांदबिबीचा महाल. मी मागे बसलेली, मांडीवर कॅमेऱ्याची पेटी, खांद्याला थर्मास. पोचलो की ह्यांचं सुरू व्हायचं. "इथं उभी राहा. नाही, जरा डावीकडे. मान वर. पदर सोड गं, सारखा काय मुठीत धरतेस? हां. आता हस." सिनेकॅमेरा असेल तर नुसतं उभं राहून भागायचं नाही. चालायचं, थांबायचं, फूल तोडल्यासारखं करायचं, मग कॅमेऱ्याकडे वळून हात हलवायचा. आवाज त्यात येत नाही, त्यामुळे हे सगळा वेळ मला ओरडून सूचना देत असत आणि फिल्ममध्ये मात्र मी आपल्याच मनानं बागडताना दिसे.

चांदबिबीच्या महालापाशी मी पहिल्यांदा विषय काढला. दिवाळी झाली होती. "अहो, बदलीचा अर्ज कधी करायचा?" हे एक डोळा मिटून माझ्याकडे बघत होते. "करू की. आधी वरच्या मजल्यावर चढ, उजेड जातोय." मी चढले. दगडी कमानीत उभी राहून हसले. तो फोटो चांगला आलाय, सगळे म्हणतात.

फिल्म धुवायला मुंबईला जायची आणि तीन-चार आठवड्यांनी यायची. मग रविवारी संध्याकाळी आमच्याकडे कार्यक्रम. भिंतीवर पांढरी चादर, खाली सतरंजी, शेजारपाजारची पंधरा-वीस माणसं. मी आत पोहे परतत असायची आणि बाहेर चादरीवर मी फिरत असायची. हे मशीनपाशी उभे राहून सांगत, "हा रंधा. इथं हिला इतका आनंद झाला की नाचायलाच लागली." खरं म्हणजे चपलेचा अंगठा तुटून माझ्या पायात काटा गेला होता आणि मी एका पायावर कळवळत होते. पण लोक कौतुकानं हसले, मीही चहाचे कप घेऊन बाहेर आले आणि हसले. आता काय सांगायचं त्यांना? शेजारच्या वहिनी मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई. आमचे हे आम्हाला राहुरीच्या बाजारालासुद्धा नेत नाहीत."

हीच तर गोम होती. नवरा मारत नव्हता, पीत नव्हता, सासूचा जाच नव्हता. मिरवत होता मला. असल्या माणसाविरुद्ध तक्रार कुठं करायची आणि काय म्हणून? सहनही होत नाही आणि सांगताही येत नाही, तशी गत. शेवटी शेवटी मला पायात चपला घालून बाहेर पडायचीच धास्ती वाटू लागली. घरात कोंडलेल्या बाईला निदान दार उघडायची आशा असते. माझं दार सताड उघडं होतं आणि दारात स्कूटर चालू.

कार्यक्रमाच्या शेवटी हे फिल्म उलटी फिरवायचे, पोरांच्या आग्रहानं. मग मी उलट्या पावलांनी डोंगर उतरायची, तोडलेलं फूल पुन्हा झाडाला लागायचं. पोरं लोळून लोळून हसायची. तेवढा एक भाग मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत असे.

आणि फोटो आईला जात. हे स्वतः पाकिटात घालून, पत्ता घालून पाठवत. आत चिठ्ठी माझी असे. आईला वाचता येत नव्हतं, शाळेतलं कुणी वाचून दाखवी. मी काय लिहिणार? "मी मजेत आहे. काळजी नसावी." हे जवळच बसलेले असत म्हणून नव्हे. ते नसते तरी तेच लिहिलं असतं.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. आमच्या कालव्याच्या भागाला थोडी तरी झळ कमी होती, पण पारनेरकडे विहिरींचे तळ दिसू लागले. जानेवारीत माझ्या हेडमास्तरांचं कार्ड आलं. गावची माणसं सडकेच्या दुष्काळी कामावर खडी फोडतात, पोरं फुकट मिळणाऱ्या सुकडीच्या खाऊसाठी का होईना शाळेला येतात, माणूस कमी पडतं. रजा जूनला संपते. रुजू व्हा, किंवा बदली हवी असेल तर मे संपायच्या आत अर्ज करा, नाहीतर राजीनामा तरी पाठवा, म्हणजे जागा भरता येईल. मी ते कार्ड ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. ह्यांनी जेवता जेवता वाचलं, डाव्या हातानं कॅमेऱ्याच्या पेटीखाली सरकवलं आणि म्हणाले, "यंदा ऊस नाही. फेब्रुवारीतच कारखान्याचा पट्टा पडणार, गाळप बंद. मार्चमध्ये आपण बोटीनं गोव्याला जाऊ."

गेलो. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटली. वरच्या डेकवर आमची जागा. लोकांनी सतरंज्या पसरल्या होत्या, कुणी पत्त्यांचा डाव मांडला होता, एक म्हातारे गृहस्थ पहिल्या अर्ध्या तासातच आडवे झाले आणि लिंबू हुंगत पडले. मी आयुष्यात मुळा धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. आणि इथं सगळीकडे पाणीच. माझ्या गावाला प्यायला टँकर येत होता. मला त्या पाण्याकडे नुसतं तासभर बघत बसायचं होतं, आणि कदाचित रडायचंही होतं. "कठड्याला टेकून उभी राहा," हे म्हणाले. "पाठ समुद्राकडे. पदर सोड. पदर उडू दे वाऱ्यावर."

दुपारनंतर एका बंदराजवळ बोट उभी राहिली. धक्का नव्हता. किनाऱ्यावरून लहान होडीतून माणसं यायची आणि बोटीच्या पोटातल्या दारातून आत चढायची. खालून कसलासा गलका झाला. एक बाई एका हातात कोंबड्यांची डालगी आणि काखेत पोर घेऊन हेलकावणाऱ्या होडीत उभी होती, आणि खलाशानं पुढे केलेला हात झिडकारून आपली आपण चढत होती. कुणाला तरी शिव्या देत होती आणि हसतही होती. मी वळून वाकून बघायला लागले.

"अगं, हललीस! सगळं वाया गेलं!"

मी परत फिरले. तेवढा एक क्षण फिल्ममध्ये आला होता, माझा नुसता अंबाडा आणि वाकलेली पाठ. पुढे ह्यांनी तो तुकडा कात्रीनं कापून काढला आणि फिल्म पुन्हा चिकटवली. त्या प्रवासात मी आपण होऊन काही पाहिलं असेल तर तेवढंच.

ऊन उतरल्यावर मी पुन्हा विचारलं. ह्यांचा रोल संपला होता, म्हणून जवळ येऊन बसले होते. "तुला काय कमी आहे?" आवाजात राग नव्हता, खरंच प्रश्न होता. "शेंबडी पोरं आवरायला कशाला जायचं?" मी म्हटलं, "आईला शब्द दिला होता तुम्ही." हे म्हणाले, "दिला होता. आईंनी आठवण करून दिली तर पाळीन. त्यांना एकदा म्हणू दे, त्याच दिवशी तुझा अर्ज मी स्वतः नेऊन देईन. पण त्याही म्हणणार नाहीत. तू इतकी सुखात असताना कोणती आई म्हणेल?"

ते मी गाठ मारून ठेवलं. आईचा एक शब्द. तेवढाच हवा होता.

मे महिन्यात एक दिवस मी एकटी माहेरी गेले. कारखान्याच्या एका कामगाराची बायको नगरपर्यंत सोबत होती, पुढे मी पारनेरची गाडी धरली. घराला कुलूप होतं. आई सडकेवर. मी तशीच उन्हात चालत निघाले. दोन मैल नुसता ठोक-ठोक आवाज ऐकू येत होता, मग माणसं दिसली. ढिगामागे ढीग, आणि प्रत्येक ढिगापाशी डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. आईला मी आधी ओळखलंच नाही. सगळ्या बायकांचे चेहरे फुफाट्यानं एकसारखे पांढरे झाले होते. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

मला बघून शेजारची बाई हातोडा टाकून उठली. "आगं, ही तर फोटूतली! ती बोटीतली!"

चार-पाच जणी गोळा झाल्या. मला त्यातल्या दोघीच ठाऊक होत्या, पण मला सगळ्या ओळखत होत्या. आईनं कमरेची चंची सोडली. पान-तंबाखूच्या शेजारच्या कप्प्यात माझा बोटीतला फोटो होता. कडा मळून मऊ झालेल्या, मधून एक घडी. आईनं तो त्या बायकांपुढे धरला आणि मग माझ्याकडे बोट केलं.

"बघा बरं नीट. फोटूत कशी दिसती माझी पोर?"

"रानीवानी!" एकजण म्हणाली.

"लई भाग्याची बाई तुमची लेक. आमच्या पोरी हायेत बघा मागच्या ढिगावर."

आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं, "कशी हायेस?"

मी येताना वाटभर वाक्यं जुळवली होती. आई, जावयाला एक शब्द बोल. आई, मला शाळेत जायचंय. आई, जून आला. आणि समोर ह्या बाईची बोटं चिंध्यांत गुंडाळलेली. तिच्याजवळ मिरवायला जगात एकच वस्तू उरली होती, आणि ती वस्तू म्हणजे माझं सुख. ते मी कोणत्या तोंडानं काढून घेऊ? रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तिनं माझ्यापुढे केला. मी तो खाल्ला आणि म्हणाले, "मजेत आहे."

"व्हय?" आई म्हणाली.

"हो गं. खूप मजेत."

आईनं फोटो घडीवर घडी घालून चंचीत ठेवला. मी दुपारच्या गाडीनं परत फिरले. एसटीत खिडकीशी बसले होते, पण काय काय मागं गेलं ते मला काही आठवत नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटत होतं. हसून हसून मीच हे सगळं खरं करून ठेवलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ह्यांनी राजीनाम्याचा मजकूर लिहून दिला. अक्षर फार सुरेख होतं त्यांचं. "घरगुती अडचणीमुळे" असं कारण घातलं. मी सही केली. मी भांडायला हवं होतं, सहीचा कागद टराटरा फाडायला हवा होता, हे मला आज कळतं असं नाही, तेव्हाही कळत होतं. पण वर्षभर सांगितल्या जागी उभं राहायची सवय लागली होती. कॉलनीच्या फाटकाशी टपालपेटी होती. मी पाकीट घेऊन निघाले तर हे सिनेकॅमेरा घेऊन मागे आले. "थोडा रोल उरलाय. तो संपला की पाठवता येईल. चाल तू नेहमीसारखी."

मी नेहमीसारखी चालले. पाकीट पेटीत टाकलं. "इकडं बघ," आवाज आला, आणि मी बघितलं.

पुढच्या महिन्यात तो रोल धुऊन आला. आषाढात पाऊस चांगला झाला होता, लोक खुशीत होते, घर माणसांनी भरलं होतं. गोवा झाला, बोट झाली, आणि शेवटी मी आणि टपालपेटी. कुणीतरी विचारलं, "वहिनींनी कुणाला पत्र टाकलं?" हे म्हणाले, "सरकारला!" सगळे हसले. मग पोरांनी गिल्ला केला, उलटी, उलटी फिरवा! मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. चादरीवर माझा हात पेटीकडे गेला आणि पेटीतून पाकीट बाहेर आलं. ते हातात घेऊन मी उलट्या पावलांनी, एक एक पाऊल मागं मागं जात, आमच्या घराच्या दारापर्यंत आले. तिथं फिल्म संपली आणि नुसता पांढरा उजेड राहिला. माझ्या हातातले कप वाजायला लागले. शेजारच्या वहिनींनी ट्रे धरला आणि विचारलं, दिवस गेलेत का?

तेव्हा गेले नव्हते, नंतर गेले. चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात मी बाळंतपणासाठी माहेरी आले. मुलगी झाली. विहिरीला पाणी होतं, आईनं बाजरी केली होती, खडीचं नाव कुणी काढत नव्हतं. बाराव्या-तेराव्या दिवशी दुपारी मी पोरीला पाजत बसले होते आणि आई माझ्या केसांना तेल लावत होती. समोर कोनाड्यात तो फोटो उभा केला होता. घडीच्या ठिकाणी चिरलेला.

"टाकून दे की आता," मी म्हटलं. "फाटलाय."

आईचा हात थांबला. "तू ल्हान हुतीस तवा," ती म्हणाली, "तुझा बाप गेला त्या दिशी, समदे रडत हुते आन तू परकराचं टोक मुठीत धरून बसली हुतीस. रडायचं न्हाई म्हनून. नगरला ट्रेनिंगला धाडली तवा बी तसंच. मला ठावं हाय तुझी मूठ." तिनं तेलकट बोटानं फोटोकडे दाखवलं. "त्यात बी हाय. समद्या फोटूत हाय."

मी वळून बघू शकत नव्हते, केस तिच्या हातात होते. "मग सगळ्यांना दाखवत का होतीस?" मी विचारलं. "मिरवत होतीस ना?"

"मिरवीत न्हवते, बये. इचारीत हुते. मला वाटायचं, कुनी तरी म्हनंल, आगं तुझी पोर सुखात दिसत न्हाई. येकीनं जरी म्हनलं आसतं, तर तशीच उठून जावयाकडं आले आसते, त्येंचा शबुद मागायला. पर समद्या म्हनल्या, रानीवानी. तू बी म्हनलीस, मजेत. मग मला वाटलं, माझ्याच डोळ्यात फुफाटा गेलाय."

पोर पिता पिता झोपली होती. आई मागून उठून माझ्यापुढे येऊन बसली. तिनं माझा डावा हात आपल्या हातात घेतला, खडीनं खरखरीत झालेल्या बोटांनी माझं एक एक बोट उलगडलं, आणि मुठीतला पदर सोडवला.